मधली जागा

दिवाळी मागे पडली, की शिक्रापूरच्या चौकात कंटेनरांच्या रांगेत उसाच्या ट्रॉल्या दिसू लागतात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन जोडलेल्या, पाचट लोंबणाऱ्या, वळणावर कललेल्या. माझी पहिली पाळी सकाळी सातची. खोलीवरून कंपनीत जायला मोटारसायकलवर वीस मिनिटं लागतात. हंगामात मला चाळीस लागतात. पुढे ट्रॉली असली की मी तिला ओलांडत नाही, तिच्या मागे लांब अंतर ठेवून चालत राहतो. मागचे हॉर्न वाजवतात, कुणी हिंदीत बोलतात, कुणी मराठीत, मी ऐकून घेतो. बायकोला वाटतं, मी जपून गाडी चालवणारा माणूस आहे. मी तिला तसं वाटू दिलं आहे.

आमच्या पाटस-दौंडकडे हिवाळा असा वेगळा येत नाही. कारखान्याचा बॉयलर पेटला की तो आला. हवेत मळीचा आंबूस गोड वास चढतो. वाळत घातलेल्या चादरींवर चिमणीतून उडालेली काळी कुसळं येऊन बसतात आणि झटकायला गेलं की रेघ उमटते. सकाळी उजाडायच्या आधीपासून बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज रस्त्याने जात राहतो. ऊसतोड्यांच्या पाचटाच्या कोप्यांमधला धूर वर चढत नाही, जमिनीलगतच पसरून राहतो. मला हे सगळं फार आवडायचं. एका हंगामानंतर आवडेनासं झालं. त्याला आता दहा-अकरा वर्षं झाली. त्या वर्षी मी एकोणीस वर्षांचा होतो आणि दौंडला फुटबॉल खेळत होतो.

फुटबॉल म्हटलं की कुणाला दौंड आठवत नाही. पण ते रेल्वेचं गाव. इंजिनांबरोबर कधीतरी हा खेळही तिथे उतरला आणि राहून गेला. मैदानाच्या एका अंगाला रूळ, दुसऱ्या अंगाला क्वार्टर्स. मालगाडी जोडताना डब्याला डबा भिडत गेल्याचा आवाज लांबवर पळत जायचा आणि तो संपेपर्यंत आम्ही एकमेकांना काही सांगू शकायचो नाही. मी मामांकडे राहून आयटीआय करत होतो. घर कासुर्डीला. आमचे आबा पूर्वी मेंढरं राखायचे. मी शाळेत जाऊ लागलो तेव्हा त्यांनी ती विकली आणि दोन एकरांत शेवंती न् कोथिंबीर करू लागले. आमच्या भावकीत फुटबॉलला पाय लावलेला मी पहिलाच.

मी लेफ्ट बॅक होतो, डावी कडा राखणारा. उजवीकडे सलीम, तो रेल्वेतल्या खलाशाचा मुलगा. आमच्या दोघांच्या मधे विलास, स्टॉपर. शिकवायला अँथनी सर. मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झालेले, बारीक, ताठ, पायात तपकिरी कॅनव्हासचे बूट. तरुणपणी तेही बॅक खेळलेले. त्यांचं मराठी हिंदीच्या वाटेने यायचं आणि मधेच कुठेतरी थांबायचं; उरलेलं ते हाताने सांगायचे.

बॅकला एक सुख असतं, ते बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही. त्याच्या खांद्याशी चुन्याची रेषा असते. तिच्या पलीकडून कुणी येऊ शकत नाही. जे यायचं ते समोरून नाहीतर आतल्या बाजूने. म्हणजे अर्धंच जग राखायचं. मी बुजरा होतो. वर्गात भिंतीकडच्या बाकावर बसायचो, लग्नात मांडवाच्या खांबाशी उभा राहायचो. ती रेषा मला फार आपली वाटायची.

पण सरांचं मागणं वेगळं होतं. चेंडू पलीकडच्या विंगला गेला, की लांबच्या बॅकने आपली रेषा सोडायची आणि आत यायचं, गोलच्या तोंडासमोरच्या मधल्या जागेवर. कारण चेंडू उचलून टाकला जाईल तो तिथेच. मला हे समजत होतं. पाय मात्र निघायचे नाहीत. वाटायचं, मी आत गेलो आणि माझ्या पाठीमागून माझा माणूस सुटला तर? म्हणून मी रेषेवरच घुटमळत राहायचो आणि मधे विलास एकटा दोघा-तिघांना तोंड द्यायचा. त्या मोसमातल्या पहिल्याच सामन्यात आमच्यावर दोन गोल झाले, दोन्ही तसेच. सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की पुढच्या वेळी मी आत आलो नाही तर मला बाहेर बसवतील.

विलास माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, पाटसचा. उंच, हाडकुळा. मैदानावर त्याचं तोंड मिटायचं नाही. कुणी कुठे उभं राहायचं, कुणी थांबायचं, कुणी मागे बघायचं, हे तो मागून सतत सांगत राहायचा. मैदानाबाहेर मात्र त्याच्या तोंडातून शब्द काढावा लागे. भेळ खाऊन झाली की तो तिचा कागद उलगडायचा आणि दोन्ही बाजूंनी पूर्ण वाचून मगच टाकायचा. त्याचे वडील, आप्पा, कारखान्यात गव्हाणीवर होते. ट्रॉलीतला ऊस जिथे पट्ट्यावर पडतो आणि आत ओढला जातो, तिथे.

मी विलासला गाठलं आणि माझी अडचण सांगितली. आमचा सराव संध्याकाळी पाचला असायचा. मी विचारलं, की सकाळी साडेसहाला तो येईल का, अर्धा-पाऊण तास, माझ्या आयटीआयच्या आधी. आणि हे सरांना कळायला नको, सलीमलाही नको. मला लाज वाटत होती. त्याने भेळेच्या कागदातून मान वर न करता येतो म्हणून सांगितलं.

दोन दिवस तो आला. पाटसवरून लुनावर, कानाला मफलर बांधून, नाक लाल झालेलं. गवतावर दहिवर असायचं आणि बूट भिजून जड व्हायचे. त्याने मला गोलसमोर उभं केलं आणि स्वतः माझ्याभोवती चालत राहिला, कधी समोर, कधी पाठीमागे. म्हणाला, "तू बॉलकडं बगतूस. बॉल काय, त्यो येनारच हाय. तुज्या मागं कोन हाय त्ये आदी बग." मी मान वळवली की तो दुसऱ्या बाजूला गेलेला असायचा. मला हसू यायचं. तो हसत नव्हता, पण मला हसताना बघून थांबायचाही नाही. दुसऱ्या दिवशी निघताना मी म्हटलं, उद्या पण. तो म्हणाला, व्हय.

तिसऱ्या दिवशी धुकं होतं. भीमेकडून आलेलं, दाट, रूळ दिसू नयेत इतकं. मी साडेसहापासून गोलच्या खांबाशी उभा होतो. सात वाजले, साडेसात वाजले. मला राग आला. येणार नव्हता तर सांगायचं होतं, असं मनात घोळवत मी आयटीआयला गेलो. लेथवर काम करतानाही मी ठरवत होतो, की संध्याकाळी त्याच्याशी बोलायचं नाही. दुपारी सलीम आयटीआयच्या फाटकाशी आला. त्याने मला हाक मारली नाही, नुसता उभा राहिला. मी गेलो तेव्हा त्याने सांगितलं.

पाटस-दौंड रस्त्यावर एक भरलेली ट्रॉली बंद पडून उभी होती. मागे दिवा नव्हता, दगड लावलेले नव्हते, झाडाची फांदीही ठेवलेली नव्हती. विलास मागून जाऊन तिच्यावर आदळला. मला एवढंच सांगण्यात आलं आणि मी त्यापुढे विचारलं नाही.

पाटसला आम्ही सगळे गेलो. अंगणात माणसं दाटली होती. बायका घरात होत्या, त्यांचा आवाज बाहेर येत होता. आप्पा ओट्यावर बसले होते, कारखान्यातल्याच कपड्यांत, मनगटापर्यंत उसाचा चिकट काळा थर. माणसं एकमेकांना विचारत होती, की इतक्या सकाळी पोरगं कुठं निघालं होतं. कुणीतरी म्हणालं, खेळायला. अँथनी सरांनी मान हलवली आणि सांगितलं, की सराव तर संध्याकाळी असतो. माझ्यापासून ते दोन हातांवर उभे होते. मी बोललो नाही. तोंड उघडायचंय असं दोनदा वाटलं आणि दोनदा कुणीतरी मधून गेलं. मग तिरडी उचलली.

न बोलण्याचं एक असतं. पहिल्या दिवशी ते सोपं असतं. दुसऱ्या दिवशी, काल का नाही बोललास, याचं उत्तरही जवळ असावं लागतं. महिन्याने तर सगळं आयुष्यच समजावून सांगावं लागेल असं वाटतं. मग माणूस गप्प राहणं पत्करतो.

पंधरा दिवस मैदान रिकामं होतं. मग सरांनी आम्हाला बोलावलं. शिरूरची स्पर्धा महिन्यावर आली होती. आम्हाला वाटत होतं, ते नाव काढून घेतील. त्यांनी सांगितलं, खेळायचं. स्टॉपर नवीन आणायचा नाही. दुसरा कुणी त्या जागी उभा राहिला तर आपण सगळे त्याच्याकडेच बघत बसू. मग त्यांनी माझ्याकडे न् सलीमकडे बोट केलं आणि दोन्ही हात एकमेकांजवळ आणले.

"तुम दोनों बीच में. आता रेषा नाही तुम्हाला."

त्यांनी चुन्याच्या फक्कीने गोलसमोर एक चौकोन आखला. आम्ही दोघांनी त्यातच राहायचं, बाहेर पाऊल टाकायचं नाही. चारी बाजूंनी चौघे चेंडू घेऊन यायचे. पहिल्या दिवशी मी पूर्वी कधी खेळलो नव्हतो इतका वाईट खेळलो. मधल्या जागेचं भय असं असतं, की तिथे सगळीकडून यायला वाट असते. डावीकडे बघावं तर उजवीकडून कुणी निघून जातं. चेंडूवर झडप घालावी तर पाठीमागची जागा उघडी पडते. रेषेवर उभ्या माणसाला चुकायला एकच बाजू असते. इथे त्या चार होत्या.

सरांनी घाई केली नाही. त्यांनी बैलगाडीवाल्याकडून एक दोर आणला आणि त्याची एक बाजू माझ्या कमरेला, दुसरी सलीमच्या कमरेला बांधली. मधे सात-आठ पावलांचं अंतर. मी पुढे गेलो की सलीम ओढला जायचा, तो डावीकडे सरकला की मला सरकावं लागायचं. एकाने चेंडूवर जायचं, दुसऱ्याने त्याच्या किंचित मागे, तिरपं. दोर ताणला नाही पाहिजे आणि जमिनीला लागलाही नाही पाहिजे. पहिल्या दिवशी आम्ही दोघंही आपटलो. सलीम एरवी कशावरही विनोद करणारा. तो उठला, गुडघ्यावरचा मुरूम झटकला आणि पुन्हा जागेवर जाऊन उभा राहिला.

मग मानेचं काम. सर माझ्या पाठीमागे उभे राहायचे आणि हाताची बोटं दाखवायचे. समोरून चेंडू येत असताना मागे एक नजर टाकून मी ओरडून सांगायचं, किती बोटं. तीन. दोन. पाच. आकडा चुकला की चेंडू सोडून द्यायचा, तो गोलमध्ये गेला तरी. आधी डावा खांदा, मग उजवा, मग चेंडू, मग पुन्हा खांदा. हे विलासने दोन सकाळी मला शिकवायला घेतलेलंच होतं, फक्त बोटांशिवाय. प्रत्येक वेळी मागे बघताना मला वाटायचं, तिथे मफलर बांधलेला तो असेल. दिसायचे अँथनी सर, हात वर करून, ताठ.

अंग कसं ठेवायचं तेही त्यांनी शिकवलं. समोरासमोर छाती करून उभं राहायचं नाही, तिरपं राहायचं, एक पाय मागे, म्हणजे चेंडू आणि गोल दोन्ही नजरेत राहतात. पाय टाकायची घाई करायची नाही. येणाऱ्याला बाहेर, रेषेकडे ढकलत न्यायचं. मधून जाऊ द्यायचं नाही. तो बाहेरून गेला तर जाऊ दे, असं ते म्हणायचे. बाहेरून गोल लांब असतो.

मधल्या एका रविवारी मी कासुर्डीला गेलो. आबा शेवंतीच्या वाफ्यात बसून खुरपत होते. कसं चाललंय म्हणून त्यांनी विचारलं. मला दुसरं काही सांगता येत नव्हतं, म्हणून मी मधल्या जागेचं सांगितलं, की चेंडू एकीकडे असताना दुसरीकडच्याने आत यायचं असतं आणि ते मला जड जातं. आबांना फुटबॉल कळत नव्हता, पण त्यांनी खुरपं खाली ठेवलं. म्हणाले, मेंढरांवर लांडगा यायचा तो एकटा कधी येत नसे. एक लांडगा उघड्यावर, बांधावर येऊन उभा राहायचा. दिसेल असा. कुत्री त्याच्यामागं पळायची, नवखा मेंढपाळ काठी घेऊन पळायचा. आणि तेवढ्यात दुसरा, पलीकडच्या अंगाने गपचीप येऊन कोकरू उचलायचा. जुना माणूस तशा वेळी पळत नाही. तो उलटा, कळपाच्या मधे येऊन उभा राहतो, दिसणाऱ्या लांडग्याकडे पाठ करून.

"दिसतो त्यो खरा न्हवं," आबा म्हणाले. "न दिसणाऱ्याची वाट बघायची."

नंतर ते बराच वेळ खुरपत राहिले. विलासबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. त्यांना कुणीतरी गेल्याचं ठाऊक होतं, ते माझ्यासाठी कोण होतं हे ठाऊक नव्हतं.

त्याच सुमाराला आप्पा मैदानावर येऊ लागले. विलासचे आप्पा. त्यांची पाळी दुपारी बाराला सुटायची. पाचच्या सुमाराला ते सायकलवरून यायचे, क्वार्टर्सच्या बाजूला लिंबाखाली सायकल लावायचे आणि तिच्याशेजारी उकिडवे बसायचे. टोपी गुडघ्यावर. सराव संपेपर्यंत बसायचे आणि दिवस मावळला की निघून जायचे. सरांनी पहिल्या दिवशी जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सलीम त्यांना चहा नेऊन द्यायचा. मी एकदाही गेलो नाही. मी त्यांच्या मुलाच्या जागेवर उभा होतो आणि ते बघत होते. माझा आकडा चुकला की मला त्यांची नजर पाठीवर जाणवायची; माझा आकडा बरोबर आला की जास्तच जाणवायची. मी मनाशी म्हणायचो, बिचारे मुलाची आठवण काढायला येतात. ते म्हणणं मला सोयीचं होतं.

महिना संपता संपता मला ते जमू लागलं. हे सांगताना आजही बरं वाटत नाही, पण खरं आहे. दोर सोडला तरी तो असल्यासारखं आम्ही दोघं हलायचो. सलीम गेला की मी मागे, मी गेलो की सलीम मागे. मला मधून सगळं मैदान दिसू लागलं. रेषेवरून कधी दिसलं नव्हतं इतकं. एका संध्याकाळी मी लागोपाठ पाच चेंडू अडवले आणि माझ्या तोंडून आपोआप हाका निघाल्या, कुणी डावीकडे जा, कुणी थांब. विलास द्यायचा तशाच. मी एकदम गप्प झालो. सर लांबून म्हणाले, बोल, बोल, बंद मत कर.

शिरूरला आम्ही एसटीने गेलो, चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे. बस दर पाच मिनिटांनी ट्रॉलीमागे अडायची. कुणी गाणी म्हटली नाहीत. मैदान घोडनदीच्या बाजूला, तांबडं, टणक. पहिला सामना आम्ही जिंकलो. दुसरा शिरूरच्याच एका संघाशी होता. त्यांच्या बाजूने अख्खा गाव उभा होता आणि त्या गर्दीत, गोलच्या मागे, मला आप्पा दिसले. पाटसहून शिरूरपर्यंत ते कधी न् कसे आले, मला माहीत नाही.

त्या दिवशी मी आयुष्यात खेळलो नाही तसा खेळलो. तासभर त्यांना मधून वाट मिळाली नाही. त्यांचा पुढचा खेळाडू आडदांड होता, छातीवर चेंडू घेऊन वळणारा. तो वळायच्या आधीच मी तिथे असायचो. उजवीकडून दोन चेंडू उचलून आले. दोन्ही वेळा मी मागे बघितलं, मागे येणारा माणूस बघितला, आणि त्याच्या आधी डोक्याने चेंडू काढला. शेवटची पाच मिनिटं राहिली तेव्हा त्यांनी चेंडू लांब, आडवा, आमच्या डाव्या बाजूला टाकला. माझ्या जुन्या जागेवर. तिथे कुणी नव्हतं. आमचा जो गडी मागे यायचा होता तो थकून वरच राहिला होता. त्यांचा विंगर रेषेवरून एकटा धावत आला, अगदी सावकाश धावल्यासारखा वाटला मला, आणि त्याने लांबच्या खांबाशी चेंडू मारला.

आम्ही एका गोलने हरलो. सर आमच्याजवळ आले. मला वाटलं, काही शिकवतील. त्यांनी खाली बसून माझ्या बुटाची सुटलेली नाडी बांधली.

"बीच राखला, बाजू गेली," ते म्हणाले. "इतने ही आदमी थे अपने पास."

मी गोलच्या मागे बघितलं. आप्पा निघून गेले होते.

त्यानंतर तो संघ राहिला नाही. कुणी मोडला नाही, एकेक जण यायचा थांबला. अँथनी सर मुलीकडे राहायला गेले, ते तिकडेच वारले असं पुढे कळलं. सलीम सोलापूरला असतो. मी आयटीआय संपवून शिक्रापूरला लागलो, आधी कंत्राटी, मग कायम. चाळीतल्या खोल्यांसारख्या ओळीने बांधलेल्या खोल्या, शेजारी बिहारचे, ओडिशाचे, लातूरचे. कंपन्यांच्या मधल्या मोकळ्या प्लॉटवर पोरं रविवारी फुटबॉल खेळतात. मी त्या रस्त्याने जात नाही.

या वर्षी दिवाळीनंतर आमच्या लाइनवरचा एक कामगार चाकण रस्त्यावर अपघातात गेला. बिहारचा, माझ्याच हाताखालचा. सुट्टी असूनही तो पहाटे कुठेतरी निघाला होता. गावाहून त्याचा मोठा भाऊ आला. कागदपत्रांवर सह्या करताना, सामान बांधताना, तो एकच विचारत राहिला. "इतनी सुबह जा कहाँ रहा था?" मला विचारलं, वॉचमनला विचारलं, शेजारच्यांना विचारलं. कुणालाच ठाऊक नव्हतं. तो गेला तो उत्तराशिवायच गेला, गाडीच्या खिडकीतून आमच्याकडे बघत.

त्या रविवारी मी पाटसला गेलो.

आप्पा अंगणात बसले होते. निवृत्त झालेले, गालफडं बसलेली. त्यांनी मला लगेच ओळखलं. बस म्हणाले. मी पोत्यावर बसलो. घरचं, नोकरीचं, मुलाबाळांचं विचारून झालं. चिमणीतली काजळी अंगणात उतरत होती. मी म्हणालो, "आप्पा, त्या सकाळी विलास माझ्यासाठी येत होता. मी बोलावलं होतं. हे मी तुम्हाला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "ठावं हाय," ते म्हणाले. "आदल्या दिशी जेवताना सांगितलं व्हतं त्यानं मला. म्हनला, म्हादूला मधी उभं र्‍हायला शिकवतोय, लई भितंय बेनं."

दहा-अकरा वर्षं मी जे लपवून फिरत होतो, ते त्यांच्याजवळ पहिल्या दिवसापासून होतं. मी विचारलं, की मग ते मैदानावर का यायचे.

त्यांनी मांडीवर पडलेली काजळी झटकली. मग म्हणाले, "तू चुकावास म्हनून यायचो. समद्यांच्या म्होरं चुकावास, तोंडावर पडावास, आसं वाटायचं. शिरूरलाबी त्यासाठीच आलतो. तू काय चुकला न्हाईस. तवा लई वंगाळ वाटलं. माजं पोरगं ज्यासाठी गेलं ते तुला आलं व्हतं. आन् मी तितं उभा र्‍हाऊन तुज्या वायटावर टपलेलो."

मी म्हटलं, मी चुकलोच होतो. त्यांनी हाताने ते बाजूला सारलं. आतून भांड्याचा आवाज आला तसे ते माझ्याकडे झुकले आणि आवाज खाली आणला.

"हिला सांगू नगंस. हिला वाटतं, माजा डबा घरी र्‍हायला व्हता आन् त्यो द्याया विल्या कारखान्यावर निगाला व्हता. माजी पहाटं चारची पाळी व्हती. मीच सांगितलं तसं."

का, तेही त्यांनीच सांगितलं. "तुजं नाव घेतलं असतं तर ती तुज्या दारात येऊन बसली असती. तू एकोणीस वर्साचा व्हतास."

विलासची आई चहा घेऊन बाहेर आली. मी कोण, असं तिने मलाच विचारलं. आप्पा म्हणाले, विल्यासंग खेळायचा. तिने माझ्याकडे निरखून बघितलं, डोळे भरून आले, आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. माझा कप तिने माझ्या हातात दिला. आप्पांचा कप तिने उंबऱ्यावर ठेवला, त्यांच्याकडे न बघता, एक शब्द न बोलता, आणि आत गेली. रोज असंच होत असावं, कारण आप्पांनी वर बघितलंही नाही. ते भिंतीला हात लावून उठले, चार पावलं चालत उंबऱ्यापर्यंत गेले, वाकून कप उचलला आणि परत येऊन माझ्याशेजारी बसले.

"पी," ते म्हणाले. "निवायला लागलाय."